गाडीतला टचस्क्रीन वापरायला सोपा आहे, हे कसं मोजतात?

स्वीडनमधल्या 'वी बीलेगारे' या मोटारींच्या मासिकाने २०२२ साली बारा गाड्या एका रिकाम्या धावपट्टीवर नेल्या. अकरा नव्या, आणि एक २००५ सालची व्होल्वो व्ही७०, जिच्यात टचस्क्रीन नव्हताच. चालकाने ताशी ११० किलोमीटरचा वेग धरायचा आणि गाडी चालवता चालवता काही कामं उरकायची. सीट गरम करायची, आतलं तापमान दोन अंशांनी वाढवायचं, काचेवरची वाफ घालवणारा डीफ्रॉस्टर लावायचा. रेडिओवर ठरावीक स्टेशन पकडायचं. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. शेवटी डॅशबोर्डचे दिवे मंद करून मधला स्क्रीन बंद करायचा. चालकांना आधी गाड्यांची नीट ओळख करून घ्यायला वेळ दिला होता, म्हणजे गोंधळ झाला तो नवखेपणामुळे, असं म्हणायला जागा नव्हती.

जुन्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सगळ्यात मागे राहिली एमजी मार्व्हल आर. तिला जवळपास ४५ सेकंद लागले आणि अंतर कापलं गेलं १,३७२ मीटर. बीएमडब्ल्यूची महागडी आयएक्स तीस सेकंदांच्या आसपास होती.

निकाल जगभर फिरला आणि त्यातून 'बटणं चांगली, स्क्रीन वाईट' एवढाच धडा काढला गेला. तो अर्धाच खरा आहे. याच चाचणीत व्होल्वोची नवी सी४०, जिचा बराचसा कारभार स्क्रीनवर चालतो, साडेतेरा सेकंदांच्या आसपास आटोपली, जवळपास साध्यासुध्या डॅशिया सॅन्डेरोइतक्याच वेळात. दोन्ही गाड्यांत फार पसारा नव्हता. म्हणजे काच की बटण यापेक्षा मांडणी कशी आहे, किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे जास्त महत्त्वाचं असू शकतं.

दुसरी अडचण त्या मोजणीतच आहे. काम संपायला ४५ सेकंद लागले, हे कळलं. पण त्या ४५ सेकंदांत नजर रस्त्यावरून किती वेळ हटली, एका दमात किती, आणि मन कुठे होतं, हे घड्याळ सांगत नाही. मासिकाला ते सांगायचंही नव्हतं. गाडीतल्या यंत्रणा वापरायला किती सोप्या, हे तपासणाऱ्या अभ्यासकांचं काम मात्र नेमकं तिथून सुरू होतं.

दुय्यम काम

एखादी वस्तू वापरायला सोयीची आहे का, याचं आंतरराष्ट्रीय मानक तीन गोष्टी विचारतं: काम पुरं होतं का, किती कष्टात होतं, आणि वापरणारा समाधानी आहे का. मोबाइलवरच्या बँकेच्या अॅपला हे पुरतं. पैसे गेले, पटकन गेले, चिडचिड झाली नाही, संपलं.

गाडीत हिशेब उलटा होतो. चालकाचं खरं काम गाडी चालवणं. एसी, नकाशा, गाणी, फोन ही सगळी वरची कामं. म्हणून प्रश्न 'एसी किती पटकन लागला' एवढाच राहत नाही. एसी लावताना गाडी चालवण्याचं काय झालं, हा खरा प्रश्न. शोरूममध्ये उभ्या गाडीत स्क्रीन फिरवून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पडत नाही, कारण तिथे दुसरं काम चालूच नसतं. रंग झळाळते असतात, बोट सरकवलं की पान गुळगुळीत सरकतं, आणि माणूस खूश होतो. मला तर वाटतं, गेल्या पंधरा वर्षांतले बरेच स्क्रीन त्या दहा मिनिटांसाठीच बनवले गेलेत.

दोन सेकंद

या क्षेत्रात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आकडा म्हणजे दोन सेकंद. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांत ५६ मीटर. पण आकडा या गणितातून आलेला नाही. तो लोक प्रत्यक्षात काय करतात ते बघण्यातून आला.

अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेने शंभर गाड्यांत कॅमेरे आणि सेन्सर बसवले आणि साधारण वर्षभर लोकांचं रोजचं ड्रायव्हिंग टिपलं. प्रयोगशाळा नाही, सूचना नाहीत, शेजारी निरीक्षक नाही. काही दिवसांनी लोक कॅमेरा विसरतात आणि नेहमीसारखे वागतात. २००६ साली त्याचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की नजर रस्त्याबाहेर दोन सेकंदांपेक्षा जास्त गेली की अपघाताचा किंवा थोडक्यात चुकलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. आरशात टाकलेली झटपट नजर यात धरलेली नाही. आरसा बघणं हा गाडी चालवण्याचाच भाग आहे.

एनएचटीएसए या अमेरिकी महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हा आकडा आहेच. चाचणी अशी: २४ चालक घ्यायचे, तेही चार वयोगटांतून, सगळे पंचविशीचे उत्साही इंजिनिअर चालत नाहीत. त्यांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवून एकेक काम करायला सांगायचं आणि डोळे कुठे जातात ते टिपायचं. २४ पैकी किमान २१ जणांच्या बाबतीत तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. एका नजरेचा सरासरी वेळ दोन सेकंदांच्या आत, दोन सेकंदांपेक्षा लांब नजरा शंभरात पंधरापेक्षा जास्त नकोत, आणि त्या कामासाठी रस्त्यावरून हटलेल्या सगळ्या वेळाची बेरीज १२ सेकंदांच्या आत.

हे बारा सेकंद कुठून आले, ते गमतीचं आहे. माणसाला गाडीत काय चालतं आणि काय नाही, याची रेषा कुठेतरी ओढायची होती. मग असं काम शोधलं, जे लोक कित्येक वर्षं गाडी चालवताना करत आलेत आणि ज्याला कोणी नाक मुरडत नाही: हाताने रेडिओचं स्टेशन लावणं. त्याला जेवढा वेळ नजर हटते, तेवढी सूट बाकीच्या कामांना. त्याआधी अमेरिकी कारउत्पादकांच्या संघटनेने स्वतःसाठी घातलेली मर्यादा २० सेकंदांची होती, आणि जपानी उत्पादकांची ८. एकाच माणसाच्या एकाच डोळ्यांसाठी तीन वेगळे आकडे. यातला प्रत्येक आकडा विज्ञान आणि वाटाघाटी यांच्या मधला आहे. आणि २०१३ च्या त्या सूचनाही ऐच्छिकच आहेत, कायदा नाही.

डोळ्यांवर पडदा

डोळे कुठे बघतात ते टिपायला महागडे कॅमेरे लागतात. त्याहून स्वस्त आणि मला सगळ्यात हुशार वाटणारी पद्धत म्हणजे चालकाला दिसणंच बंद करणं.

तिचं मूळ १९६० च्या दशकात आहे. जॉन सेंडर्स या अभ्यासकाला कळून घ्यायचं होतं की गाडी चालवायला रस्ता सतत बघावा लागतो की अधूनमधून बघितलं तरी चालतं. त्यासाठी एक हेल्मेट बनवलं, ज्याची झापड डोळ्यांसमोर वर-खाली व्हायची. ते घालून गाडी चालवली ती खऱ्याखुऱ्या महामार्गावर. एका प्रकारात वेग ठरलेला आणि झापड कधी उघडायची ते चालकाच्या हातात. दुसऱ्यात झापडीचा ठेका ठरलेला आणि वेग चालकाने ठरवायचा. रस्ता जितका अवघड, तितकं वारंवार बघावं लागतं किंवा हळू जावं लागतं, हे त्यातून आकड्यांत मांडता आलं. २०११ साली सेंडर्सना याबद्दल इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.

आज तीच कल्पना उलटी वापरतात. माणूस उभ्या गाडीत किंवा नुसत्या डॅशबोर्डसमोर बसतो आणि डोळ्यांवर असा चष्मा चढवतो, ज्याच्या काचा क्षणात धुरकट होतात. दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद दिसत नाही, पुन्हा दीड सेकंद दिसतं. बंद वेळ म्हणजे 'आता तो रस्ता बघतोय' असं धरायचं. या ठेक्यात नकाशात पत्ता घालायचा किंवा पंख्याचा वेग बदलायचा. उघड्या वेळाची बेरीज १२ सेकंदांच्या आत राहिली, म्हणजे आठ उघडझापींत काम झालं, तर पास. दीड सेकंदांचा हा ठेका आंतरराष्ट्रीय मानकातही आहे.

या पद्धतीतून निघणारा दुसरा आकडा जास्त बोलका असतो. समजा, चष्म्याशिवाय एक काम सलग आठ सेकंदांत होतं. आता चष्मा लावून तेच काम करताना उघड्या वेळाची बेरीज सहा सेकंद झाली. म्हणजे न दिसणाऱ्या वेळातही हात पुढे सरकत होता, गोल नॉब चाचपून फिरवता येत होता. सहाला आठने भागलं की भागाकार पाऊण. याउलट उघडा वेळ अकरा सेकंद झाला तर भागाकार एकच्या वर गेला. प्रत्येक वेळी काच उघडली की माणूस 'मी कुठे होतो' हे शोधत बसला. नोटा मोजताना मधेच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतात, तसं. लांबलचक यादी सरकवत नाव शोधणं, हळूच विरून जाणारं मेनू, थोडा वेळ हात लावला नाही की आपोआप पहिल्या पानावर परतणारा स्क्रीन, ही सगळी कामं इथे उघडी पडतात. उभ्या गाडीत यातलं एकही खटकत नाही.

चांगली यंत्रणा म्हणजे जी मधे सोडता येते आणि पुन्हा जिथल्या तिथे पकडता येते. वेगापेक्षाही मी या गुणाला वर ठेवेन.

नजर रस्त्यावर, मन भलतीकडे

मग आवाजी हुकमाने सगळं सुटेल, असं वाटतं. हात स्टीअरिंगवर, डोळे समोर, तोंडाने सांगायचं 'आईला फोन लाव'. डोळ्यांचा प्रश्न यात खरंच बराच सुटतो. मनाचा सुटत नाही.

मनावरचा भार मोजायची युक्ती साधी आहे. चालकाच्या खांद्याजवळ एक छोटी मोटर चिकटवायची, जी दर तीन ते पाच सेकंदांनी, कधी ते कळू न देता, थरथरते. किंवा डोळ्याच्या कोपऱ्याजवळ एक बारीक दिवा लावायचा. थरथर जाणवली की बोटाला बांधलेलं बटण स्टीअरिंगवर दाबायचं. मन मोकळं असेल तर बोट लगेच हलतं. मन गुंतलेलं असेल तर उशीर होतो, आणि अडीच सेकंदांत दाबलं नाही तर ती खूण चुकली असं धरतात. डोळे समोर खिळलेले असूनही बोट मंदावतं, तेव्हा कळतं की माणूस बघतोय, पण त्याला दिसत नाहीये.

युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने अशा मोजमापांवर बरंच काम केलं. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की काही गाड्यांत आवाजी हुकूम देऊन संपल्यावरही लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागू शकतात. हा वरच्या टोकाचा आकडा आहे, सगळ्या यंत्रणांचा नाही. तरी ताशी ६० च्या वेगाने २७ सेकंद म्हणजे ४५० मीटर. सिग्नलला थांबून फोन लावला आणि हिरवा झाल्यावर निघालो, तरी मन अजून फोनमध्येच असू शकतं.

यंत्र एका दमात समजलं तर भार कमी. ते चुकलं, पुन्हा विचारलं, भलत्याच माणसाचं नाव वाचून दाखवलं, की चिडचिड आणि भार दोन्ही वाढतात. त्यामुळे आवाजी यंत्रणेची चाचणी कोणत्या भाषेत, कोणत्या नावांवर घेतली, याला फार महत्त्व आहे. 'आळेफाटा', 'ज्ञानेश्वर', 'कळंबोली' हे शब्द इंग्रजी वळणाच्या यंत्राला एका दमात कळतात का, हे आपल्याकडच्या चाचणीत आलंच पाहिजे. हिंदी-इंग्रजीत पास झालेली यंत्रणा चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात पास होईलच असं नाही.

याखेरीज एक लेन बदलाची चाचणीही आहे. संगणकावरचा तीन लेनचा सरळ रस्ता, वेग ताशी ६०, बाजूच्या पाट्या सांगतील त्या लेनमध्ये जायचं आणि त्याच वेळी स्क्रीनवरचं काम करायचं. आदर्श वाटेपासून गाडी किती भरकटली ते मोजतात. स्वस्त आहे, पटकन होते, पण त्या रस्त्यावर दुसरं वाहनच नसतं, म्हणून मी तिच्यावर फार वेळ घालवत नाही.

लोकांना विचारून का भागत नाही

प्रश्नावल्याही असतात. दहा विधानांची एक आहे, तिचे शंभरपैकी गुण निघतात आणि ६८ ही सरासरी मानतात. नासाची सहा बाजूंनी कामाचा भार विचारणारी दुसरी आहे, मूळची वैमानिकांसाठी. दोन्ही उपयोगी. चिडचिड, गोंधळ, थकवा हे माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

पण 'तुमची नजर किती वेळ हटली' हे विचारून काहीच हाती लागत नाही. ब्रिटनमधल्या टीआरएल या वाहतूक प्रयोगशाळेने २०२० साली आयएएम रोडस्मार्ट या संस्थेसाठी सिम्युलेटरवर अभ्यास केला. स्क्रीनला हात लावून अॅपल कारप्ले वापरताना चालकांचा प्रतिसाद ५७ टक्क्यांनी मंदावला, अँड्रॉइड ऑटोवर ५३ टक्क्यांनी. आवाजाने वापरताना हेच आकडे ३६ आणि ३० होते. तुलनेसाठी, आधीच्या अशाच अभ्यासांत हातात फोन धरून मेसेज टाइप करताना तो ३५ टक्क्यांनी मंदावला होता, आणि ब्रिटनच्या कायदेशीर मर्यादेइतकी दारू प्यायल्यावर १२ टक्क्यांनी. काही कामांत नजर १६ सेकंदांपर्यंत रस्त्याबाहेर गेली. आणि चालकांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा पाच सेकंदांपर्यंत कमी निघाला. ते खोटं बोलत नव्हते. आपण कुठे बघत नव्हतो, याची नोंद मेंदू ठेवतच नाही.

म्हणून 'मला सवय आहे, मी न बघता करतो' या वाक्याला चाचणीच्या खोलीत काडीची किंमत नसते.

आपल्या रस्त्यांवर काय वेगळं

अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात मधला स्क्रीन चालकाच्या उजव्या हाताला येतो. आपल्याकडे, ब्रिटन-जपानसारखा, डाव्या हाताला. बहुतेक माणसं उजवखुरी. बारीक चौकोनावर नेम धरायचा तो डाव्या बोटाने, तोही हात लांब करून, खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीत. सिम्युलेटरची जमीन हलत नाही. परदेशातल्या प्रयोगशाळेत पास झालेलं बटण इथे पास होईलच, असं गृहीत धरता येत नाही. गोल नॉबला बोटं टेकून हाताला आधार मिळतो. सपाट काचेवर बोट अधांतरी असतं.

दुसरं, पावसाळा. वरंधा किंवा ताम्हिणी घाटात ढगात शिरल्यावर काच आतून धुरकट होते, तेव्हा डीफॉगर, पंखा आणि वायपर या तीन गोष्टी काही सेकंदांत हव्या असतात, आणि नेमकं त्याच वेळी नजर हटवणं सगळ्यात महागात पडतं. जर्मनीत याचा निवाडाच झाला आहे. एका टेस्ला चालकाने पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये हा स्क्रीन मोबाइलसारखंच इलेक्ट्रॉनिक साधन ठरवला, आणि २०० युरो दंड व महिनाभर वाहनबंदी कायम राहिली. गाडी तशी बनवली कोणी, हा प्रश्न त्या चालकाच्या मनात आला असणारच.

तिसरं उदाहरण स्क्रीनचं नाही, आवाजाचं आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाची घंटी सक्तीची झाली: ताशी ८० ओलांडलं की अधूनमधून, १२० ओलांडलं की सतत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची परवानगी आहे. म्हणजे कायद्याने चालणाऱ्या माणसालाही यंत्र टोकत राहतं. इशारा खरा कमी आणि उगाच जास्त वाजला की कान तो गाळायला शिकतात, मग खरा वाजला तरी ऐकू येत नाही. हेतू चांगला, आणि तरी वापरणाऱ्याच्या बाजूने तपासलं तर कच्चा.

वारं थोडं फिरतंय. युरो एनकॅप ही युरोपातली गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी स्वतंत्र बटणं किंवा दांड्या आहेत का, हे गुणांत धरते. फोक्सवॅगननेही महत्त्वाच्या कामांची बटणं परत आणायचं जाहीर केलं आहे. आपल्या भारत एनकॅपचा भर मात्र अजून टक्कर झाल्यावर आतला माणूस किती वाचतो, यावर आहे.

गाडी घ्यायला गेलात तर महागडा चष्मा लागत नाही. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, शेजारी घरचं कोणीतरी. त्याने दीड-दीड सेकंदाच्या ठेक्यात 'उघड', 'मीट' म्हणत राहायचं आणि उघड किती वेळा म्हटलं ते मोजायचं. तुम्ही डाव्या हाताने समोरच्या काचेची वाफ घालवा, पंखा दोन टप्प्यांनी कमी करा, चालू गाणं बंद करा, नकाशा मोठा करा. एकेका कामाला आठपेक्षा जास्त 'उघड' लागले तर ते काम चालत्या गाडीत करण्यासारखं नाही, हे धरून चाला आणि दुसऱ्या गाडीत तेच करून बघा. फक्त हे सेल्समनने 'बघा सर, किती सोपं' म्हणून दाखवण्याच्या आधी करा. त्याचा हात बसलेला असतो, आणि त्याला रस्ताही बघायचा नसतो.